गेम बंद झाला, गोडी राहिली



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ५९व्या श्लोकावर. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगता सांगता भगवंत इथे एक अगदी रोजच्या व्यवहारातली गोष्ट सांगून जातात. जो आहारच घेत नाही, त्याच्यापासून विषय दूर होतात खरे, पण त्यांची गोडी मागे उरते. तीही जाते, पण परमतत्त्व दिसल्यावर.

आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते काही उगाच नाही. ताटातून भात-पोळी गेली, जिभेवरची चव कुठेच गेली नाही. ती साबुदाण्याच्या खिचडीत आणि रताळ्याच्या किसात जाऊन बसली.

हा श्लोक वाचताना सध्या माझ्या मनात एक प्रश्न घोळतोय. आमच्या भजनाला येणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा विचारत होता, "ताई, मी रात्री जेवण झाल्यावर तासभर गेम खेळतो, शूटिंगचा. आई म्हणते, गळ्यात माळ आणि हातात बंदूक, शोभतं का तुला? भांडण नको म्हणून आता मी दार लावून, आवाज बंद करून खेळतो. मी दांभिक आहे का?"

प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. तुमच्यापैकी किती जण हेच करता, मला ठाऊक आहे. आणि त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत: गेम मुळात वाईट आहे का? आणि वाईट असेल, तर त्याची विक्रीच बंद का करत नाहीत?

जगाने हे प्रश्न फार गांभीर्याने विचारले आहेत. अमेरिकेत १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेम्सवरून थेट सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करेल या धास्तीने गेम कंपन्यांनी १९९४ मध्ये स्वतःच वयानुसार शिक्का मारणारं मंडळ काढलं. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, ते 'डूम' खेळायचे असं समोर आलं, आणि गेम खेळणारा प्रत्येक मुलगा लोकांना संशयित वाटायला लागला. मग २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: अठरा वर्षांखालच्या मुलांना हिंसक गेम विकायचा किंवा भाड्याने द्यायचा नाही, दिल्यास दुकानदाराला एक हजार डॉलरपर्यंत दंड. गंमत बघा, त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर. 'टर्मिनेटर'मध्ये बंदूक चालवूनच ते घराघरात पोहोचले होते!

तो कायदा एक दिवसही अमलात आला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ जून २०११ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द झाला. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या निकालाचा आशय असा, की पुस्तक, नाटक, सिनेमा यांना जे अभिव्यक्तीचं संरक्षण आहे तेच गेमलाही आहे. मुलांच्या परीकथांतही क्रौर्य असतंच. स्वस्त कादंबऱ्या, सिनेमा, रेडिओवरची नाटकं, कॉमिक्स, प्रत्येकावर आपापल्या काळात पोरं बिघडवल्याचा आरोप झालेला आहे. आणि गेममुळे मुलं हिंसक होतात, हे कॅलिफोर्नियाला सिद्ध करता आलं नाही.

विरोधात मत देणाऱ्यांचं म्हणणंही टाकाऊ नव्हतं. न्यायमूर्ती ब्रेयर यांना पडलेला प्रश्न साधारण असा: तेरा वर्षांच्या मुलाला नग्न चित्राचं मासिक विकायला बंदी, पण ज्यात तो स्वतः बटण दाबून माणसाचा छळ करतो तो गेम विकायला मोकळीक, हे कसं काय?

दोन्ही बाजू वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. सगळी लढाई एकाच मुद्द्यावर चालली होती, गेममुळे मुलगा दुसऱ्याला इजा करेल का? न्यायालयाने हेच विचारायला हवं, कारण कायद्याचं काम तिथवरच आहे. गीता मात्र वेगळं विचारते. याच अध्यायात पुढे ६२ आणि ६३ या श्लोकांत ती अख्खी साखळी मांडते. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, आणि मग स्मृती-बुद्धीचा नाश. साखळीची पहिली कडी वस्तू नाही, चिंतन आहे. म्हणून गीतेचा प्रश्न असा: मोबाइल खाली ठेवल्यावर तुझं मन कुठे असतं?

'गेममुळे कोणी खुनी होत नाही' हे उत्तर कोर्टात पुरतं. साधनेत ते पुरत नाही.

आता आपल्याकडे या. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदीचा आदेश काढला आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटक केली, त्यात कॉलेजची मुलंही होती. ही मुलं खेळात इतकी बुडाली होती की पोलीस जवळ आले तरी त्यांना कळलं नाही, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. मला ही बातमी दोन्हीकडून टोचते. मोबाइलवर गेम खेळला म्हणून विशीतल्या मुलांना अटक, हे अतीच झालं. पण पोलीस शेजारी येऊन उभे राहिले तरी भान नसणं, हेही जरा थांबून बघावं असंच आहे.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होतं. सरकारचं कारण देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता हे होतं. घरोघरी मात्र ती बातमी 'बरं झालं, आता पोरं सुधारतील' अशीच वाचली गेली. सुधारली का? मुलं दुसऱ्या गेमवर गेली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, वर्षभराने तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. दक्षिण कोरियात तर २०११ पासून कायदाच होता, सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. मुलं आई-वडिलांच्या ओळख क्रमांकाने आत शिरू लागली, शिवाय मोबाइलवरचे गेम त्या कायद्यात नव्हतेच. २०२२ च्या सुरुवातीला तो कायदा गुंडाळला गेला.

विषय गेला, रस राहिला. ५९वा श्लोकच जणू.

मग सगळे निर्बंध फोल आहेत का? मला तसं वाटत नाही. गीता उपाशी राहणाऱ्याला नावं ठेवत नाही, उपवास कुठवर पोहोचतो एवढंच दाखवते. आणि महाभारतात तर भगवंतांनी यावर स्पष्ट भूमिका घेतली आहे. वनपर्वात ते पांडवांना भेटायला काम्यकवनात येतात तेव्हा म्हणतात, मी त्या वेळी जवळ असतो तर बोलावलं नसतं तरी आलो असतो, द्यूताचे दोष दाखवून तो खेळ थांबवला असता, आणि ऐकलं नसतं तर बळाने आवरलं असतं. क्रम लक्षात घ्या. आधी समजावणं, मग बळ. आणि बळ कशासाठी? ज्या खेळात राज्य, भाऊ आणि बायको पणाला लागते त्यासाठी. हेच श्रीकृष्ण गोकुळात सवंगड्यांबरोबर मनसोक्त खेळलेले आहेत. खेळ आणि जुगार यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातही हीच रेघ ओढलेली दिसते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मान्यता. शिक्षा असे गेम चालवणाऱ्यांना आणि त्यांच्या जाहिराती करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. ज्यांच्या घरातलं कोणी रमी-फॅन्टसीच्या नादात कर्जात बुडालंय, त्यांना ही रेघ का हवी ते समजावून सांगावं लागणार नाही. लहान मुलांचंही तसंच. दहा वर्षांच्या मुलाला 'तू तुझा रस ओळख' म्हणून मोकळं सोडता येत नाही. दुकानाचं दार सरकारने सांभाळावं, घराचं आई-बाबांनी. मनाचं दार मात्र ज्याचं त्यालाच सांभाळावं लागतं, ते काम कोणताच कायदा करू शकत नाही.

आणि सांभाळणाऱ्यांनी स्वतःकडेही बघावं. द्यूतसभेत तो खेळ थांबवण्याचा अधिकार धृतराष्ट्राकडे होता. विदुर कानीकपाळी ओरडत होते. आणि द्रौपदी पणाला लागली तेव्हा हा म्हातारा राजा आनंदाने पुन्हा पुन्हा विचारत होता, जिंकलं का, जिंकलं का? रस त्याच्याच आत होता, मग थांबवणार कोण? जेवताना एका हाताने रील सरकवत मुलाला 'तो गेम ठेव आधी' म्हणणाऱ्या घरांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

आता लाजेबद्दल. बंदी निदान उघड असते, तिच्याविरुद्ध कोर्टात तरी जाता येतं. 'गेम खेळतो म्हणजे वाया गेला' या शिक्क्याविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही. शिक्का बसला की माणूस खेळ सोडत नाही, लपवायला शिकतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक आठवा. बाहेरून इंद्रियं आवरलेली आणि मनात विषय घोळतोय, अशा माणसाला भगवंत मिथ्याचारी म्हणतात. आपण मुलांना लाजवतो तेव्हा त्यांना संयम शिकवत नाही, मिथ्याचार शिकवतो.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं, गेम खेळणं हा दंभ नाही, खेळत नसल्याचं दाखवणं ही दंभाची सुरुवात आहे. तेव्हा आधी दार उघड. बाहेरच्या खोलीत बसून खेळ, किती वेळ खेळणार ते आईला सांग आणि तेवढाच वेळ खेळ. आईचे शब्द लाजवणारे असतील, पण त्यामागे काळजी आहे. बंद दारामागे काय चाललंय हे दिसत नाही, म्हणून तिला वाटेल ते दिसतं.

यावर कोणी म्हणेल, भक्ताने गेम खेळावाच कशाला? सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो हे सांगताना भगवंत आहाराच्या जोडीला विहाराचंही नाव घेतात. दोन्ही युक्त हवेत, म्हणजे प्रमाणात. विहार वगळा असं म्हणत नाहीत. आपली वारी तर खेळतच पंढरीला जाते. रिंगण झालं की फुगड्या आणि हुतूतू, त्यात सत्तरीच्या आजीसुद्धा पदर खोचून उतरतात. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हुतूतू, विटीदांडू अशा खेळांवरचे अभंग आहेत. संतांनी खेळाला हाकलून दिलं नाही, त्याला विठ्ठलाकडे वळवलं.

पण प्रमाण कसं ओळखायचं? तास मोजून पूर्ण उत्तर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगसूचीत जागा दिली, ती सूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिथेही तासांची मर्यादा नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, ही लक्षणं सांगितली आहेत. असं कोणाचं झालं असेल, तर त्याला प्रवचन देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. ते आजारपण आहे, पाप नाही.

बाकी आपल्यासारख्यांसाठी श्लोकाचा शेवटचा भाग आहे. गोडी जाते ती मोठी गोडी चाखल्यावर. इथे एक सावधगिरी. 'नामस्मरण कर, गेम आपोआप सुटेल' असं मी कोणाला सांगणार नाही. नाम ही गेम सोडवायची गोळी नाही. नाम घेता घेता कधीतरी असं होतं की खेळ संपतो आणि मन त्याच्या मागे धावत नाही. खेळ तोच असतो, दोरी सुटलेली असते. तोवर स्वतःला शिव्या न घालता, स्वतःशी खोटं न बोलता बघत राहायचं.

आजच्यासाठी एवढंच करू या. गेम असो, रील असो, मालिका असो की क्रिकेट, जे काही बघाल-खेळाल ते बंद केल्यावर पाच मिनिटं शांत बसा. डोळे मिटून फक्त बघा, मन अजून तिथेच आहे की परत आलंय. आलं नसेल तर रागवू नका. हळूच विठ्ठलाचं नाव घ्या आणि त्याला घरी बोलवा.

उद्या ६०वा श्लोक. शहाण्या, प्रयत्न करणाऱ्या माणसाचंही मन इंद्रियं कशी ओढून नेतात, ते भगवंत तिथे सांगतात.

जय हरी विठ्ठल.