तुटक रेषा आणि उत्तरपूजा

डोळ्यांना जे कधीच दिसणार नाही त्याचे चित्र काढता येते का, आणि काढले तर त्याला ज्ञान म्हणावे की आरोप, या प्रश्नाचा वेदान्ताच्या भाष्यकारांनी सूक्ष्म विचार केला आहे. भूगर्भशास्त्रालाही तोच प्रश्न रोज सोडवावा लागतो, मात्र तेथे तो तत्त्वज्ञानाच्या नावाने येत नाही, नकाशावरच्या रेषेच्या रूपाने येतो. या दोन विचारांची गाठ पडावी असे एक ठिकाण मराठी मुलखाच्या उत्तर कडेला आहे. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्याचे नाव भूगर्भशास्त्रात एका संपूर्ण खडकसमूहाला मिळालेले आहे. ‘सौंसर समूह’ म्हणून ओळखले जाणारे हे रूपांतरित खडक, म्हणजे मूळच्या गाळाचे प्रचंड उष्णतेने व दाबाने बदललेले खडक, सौंसरपासून नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत पसरलेले असून भारतातील मँगनीजच्या मोठ्या साठ्यांपैकी बरेचसे त्यांच्यात आहेत. समूहातील थरांनाही लोहांगी, बिछुआ, मनसर, सीतासावंगी अशी याच टापूतील गावांची नावे आहेत.

हे नामकरण ज्या कामातून सुरू झाले ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील लुईस ली फर्मर यांचे होते. मध्य प्रांतातील मँगनीजच्या खाणी पालथ्या घालून त्यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरचा विस्तृत ग्रंथ सिद्ध केला आणि मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांनी बनलेल्या एका खडकाला या प्रदेशातील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. मात्र या शोधांइतकेच महत्त्व ते ज्या माध्यमातून मांडले गेले त्याला, म्हणजे रंगीत भूगर्भीय नकाशाला, आहे. सौंसरच्या शिवारात प्रत्यक्ष उघडा खडक फार थोड्या जागी दिसतो. एखाद्या टेकडीचा माथा, नाल्याचा काठ किंवा विहिरीची बाजू एवढेच ‘दृश्यांश’, म्हणजे पृष्ठभागी उघडे पडलेले खडकांचे भाग, हाती लागतात आणि बाकी सारे मातीखाली, पिकांखाली, संत्र्यांच्या बागांखाली असते. पांढुर्ण्याच्या बाजूला तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, दख्खन ट्रॅपचे, आवरण या जुन्या खडकांवर पसरलेले आहे. तरीही नकाशावर एकही जागा कोरी राहत नाही. कागदाचा प्रत्येक चौरस कोणत्या ना कोणत्या रंगाने भरलेला असतो.

हे भरणे न्यायशास्त्राच्या परिभाषेत अनुमान आहे. दिसणाऱ्या खुणेवरून, म्हणजे ‘लिंगा’वरून, न दिसणाऱ्या वस्तूकडे जाण्याला नैयायिक अनुमान म्हणतात, आणि त्या दोहोंच्या अव्यभिचारी साहचर्याला व्याप्ती. पर्वतावर धूर दिसला की अग्नीचे ज्ञान होते ते या व्याप्तीच्या बळावर. नाल्याच्या एका काठावर थर विशिष्ट कोनात कलंडलेला आढळतो, पलीकडच्या टेकडीवर तोच थर उलट दिशेला कलंडलेला आढळतो, आणि भूगर्भशास्त्रज्ञ ठरवतो की मधल्या शेतांखाली या थराला घडी पडलेली असली पाहिजे. इथपर्यंत नैयायिकाची हरकत असण्याचे कारण नाही. अडचण यानंतर येते. धुरावरून अग्नी आहे एवढे कळते. त्याच्या ज्वाळा किती उंच आहेत हे धुराने सांगितलेले नसते, आणि ‘पर्वतावर अग्नी आहे’ या वाक्याला ते सांगावे लागतही नाही. चित्राला मात्र ही सवलत नाही. घडी आहे असे ठरल्यावर ती काढायची म्हटली की तिला नेमकी खोली द्यावी लागते, नेमके वळण द्यावे लागते, थराला नेमकी जाडी द्यावी लागते. ‘कुठेतरी खाली’ असे लिहिता येते, पण काढता येत नाही. अदृश्याचे प्रत्येक चित्र त्याच्यामागच्या पुराव्यापेक्षा जास्त बोलते, आणि हा दोष चित्रकाराच्या हलगर्जीपणाचा नसून चित्र या साधनाच्या स्वभावातच आहे.

याहून खोल अशी दुसरी मर्यादा म्हणजे चित्राला नकार देता येत नाही. उपनिषदांनी ब्रह्माविषयी बोलताना ‘असे नाही, तसेही नाही’ या वाटेने जाणे पसंत केले, कारण शब्दाजवळ निषेधाची शक्ती आहे. जे मांडले ते पुढच्याच शब्दाने मागे घेता येते. रंगाजवळ ही शक्ती नसते. कागदावर जे उमटले ते ‘आहे’ एवढेच म्हणते.

भूगर्भीय नकाशाकारांनी या अडचणीवर जो उपाय शोधला त्याचे तात्त्विक मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही. दोन खडकांमधली सीमा प्रत्यक्ष पाहिली असेल तर ती सलग रेषेने काढावी, आजूबाजूच्या पुराव्यावरून अंदाजली असेल तर तुटक रेषेने, आणि माती किंवा लाव्ह्यासारख्या आवरणाखाली दडलेली असेल तर ठिपक्यांच्या रेषेने, असा संकेत त्यांनी पाळला. तुटक रेषेतील रिकाम्या जागा म्हणजे चित्राच्या भाषेत आणलेला निषेध होय. रेषा ‘आहे’ म्हणते आणि तिच्यातील खंड ‘पण पाहिलेले नाही’ अशी पुस्ती जोडतात. या संकेताचे सर्वांत धाडसी रूप छेदचित्रात, म्हणजे जमीन उभी कापली असती तर दिसले असते अशा कल्पित दृश्यात, आढळते. तेथे झिजून नाहीशा झालेल्या घड्या जमिनीच्या वर, मोकळ्या आकाशात, तुटक रेषांनी पूर्ण केलेल्या असतात. भूगर्भशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये रामटेकच्या उत्तरेकडील देवलापार भागात ‘नॅप’ असल्याचे मांडले. नॅप म्हणजे मूळ जागेवरून ढकलली जाऊन दुसऱ्या खडकांवर दूरवर सरकलेली थरांची मोठी चादर. अशा रचनेचा बराचसा भाग आज कुठेच अस्तित्वात नसतो. जे आता नाही, जे असताना पाहायला कोणी माणूस नव्हता, त्याची आकृती काढून ती न पाहिल्याची कबुली त्याच आकृतीत नोंदवणे, ही मानवी बुद्धीची असामान्य कामगिरी मानली पाहिजे.

धर्मपरंपरेत या कबुलीला समांतर असे काय आहे, हे पाहण्यासाठी ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील प्रतीकोपासनेचा विचार उपयोगी पडतो. प्रतीक म्हणजे ज्याच्यावर ब्रह्मदृष्टी ठेवून उपासना करायची ते मन, आकाश, सूर्य यांसारखे आलंबन. सूत्रकार प्रथम स्पष्ट करतात की उपासकाने प्रतीकाला आपला आत्मा समजू नये, आणि मग आरोपाची दिशा ठरवून देतात. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार श्रेष्ठाची दृष्टी कनिष्ठावर ठेवावी, कनिष्ठाची श्रेष्ठावर ठेवू नये. राजाच्या सारथ्याला राजा मानून मान दिला तर हानी नाही, पण राजाला सारथी मानणे अनर्थाचे आहे. सूर्यात ब्रह्म पाहावे, ब्रह्म म्हणजे हा सूर्यच असे म्हणू नये. हाच नियम नकाशाला लावला तर नकाशा पाहताना सौंसरच्या भूमीचा विचार व्हावा हे योग्य ठरते, आणि सौंसरची भूमी म्हणजे त्या नकाशातले गुलाबी-जांभळे पट्टे असे समजणे हा उलट्या दिशेचा आरोप ठरतो. शास्त्रीय चित्रांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका या दुसऱ्या जातीच्या असतात. उपग्रहाच्या प्रचलित ‘आभासी रंगा’च्या चित्रात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण लाल रंगाने दाखवतात, निरोगी पाने हे किरण जोरात परावर्तित करत असल्याने पांढुर्ण्याची हिरवीगार संत्र्याची बाग तेथे लालभडक उमटते. हा लाल रंग बागेत नाही आणि किरणांतही नाही, तो केवळ ठरवून दिलेला आहे, आणि तरीही बागेच्या प्रकृतीविषयी तो जे सांगतो ते खरे असू शकते.

अशा चित्राचे खरेपण साम्यावर अवलंबून नसेल तर ते कशावर टिकते? या प्रश्नाचे एक विचारार्ह उत्तर तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात मिळते. देवतांच्या मूर्तींची पूजा या पंथाने नाकारली, पण अवतारांच्या स्पर्शाने पावन झालेल्या वस्तू आणि ते जेथे बसले, राहिले, वावरले त्या जागा वंदनीय मानल्या. त्या जागांवर ओटे बांधले आणि ‘स्थानपोथी’सारख्या ग्रंथात त्यांची तपशीलवार नोंद ठेवली. ओटा चक्रधरांसारखा दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही नाही. त्याचा अधिकार साम्यातून येत नसून संबंधातून, प्रत्यक्ष घडलेल्या स्पर्शातून येतो. विज्ञानातील पुष्कळशा प्रतिमा या अर्थाने मूर्तीपेक्षा ओट्याच्या जातीच्या आहेत. याचे उदाहरण याच तालुक्याच्या परिसरात आहे. फर्मर यांनी येथील सीतापारच्या खाणीत सापडलेल्या एका मँगनीज-लोह खनिजाला ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. पुढे क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा हे खनिज अमेरिकेतील यूटा येथून १८९७ मध्येच वर्णन झालेल्या ‘बिक्सबाइट’हून वेगळे नसल्याचे ठरले. क्ष-किरण स्फटिकातून जाताना अणूंच्या ओळींवर विखुरतात आणि फिल्मवर ठिपके किंवा रेषा उमटवतात. त्या ठिपक्यांत स्फटिकाशी सारखे असे काहीच नसते, पण ते स्फटिकाला भेटून आलेल्या किरणांचे असतात. साम्य नसलेल्या या खुणेने डोळ्यांनी व रासायनिक विश्लेषणाने केलेला भेद पुसून टाकला आणि एका गावाचे नाव खनिजांच्या मान्य यादीतून गेले. स्थानिक अभिमानाला हे रुचणारे नाही, पण अदृश्याच्या प्रतिमेचा कस लागतो तो अशाच ठिकाणी.

साम्यावर उभ्या असलेल्या प्रतिमेला आणखी एक धोका असतो, तो म्हणजे तिच्यावर साचत जाणाऱ्या भक्तीचा. सौंसरजवळच्या जामसावळीला पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला मोठी गर्दी लोटते, आणि मराठी मुलखातील मारुतींना शेंदराचे लेपन करण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. लेपावर लेप चढत गेले की मूळ शिल्पाचे अवयव हळूहळू दिसेनासे होतात. मूर्ती ठसठशीत दिसावी म्हणून लावलेला रंगच तिला झाकतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे दीर्घकाळ साचलेले शेंदूरलेपन २०२२ मध्ये काढण्यात आले, तेव्हा भाविकांना परिचित रूपाहून निराळे मूळ रूप समोर आले. ते लेपन श्रद्धेने झाले होते आणि ते काढणेही श्रद्धेनेच झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मूर्तीच्या उपासनेत निषेधाची जागा कोठे आहे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर पार्थिव गणपतीच्या पूजेत आहे. मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठेने देवत्वाचे आवाहन होते, आणि ठरलेला काळ संपला की उत्तरपूजा करून, अक्षता वाहून, मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते. त्या क्षणापासून ती पुन्हा माती असते. मूर्ती स्वतः ‘मी देव नाही’ असे म्हणू शकत नाही, म्हणून तो नकार परंपरेने विधीत ठेवला. तुटक रेषेने जे जागेत साधले ते उत्तरपूजेने काळात साधले, असे म्हणता येईल. विज्ञानातही काळाच्या अंगाने असा विधी चालतो, फक्त त्याचा मुहूर्त आधी ठरलेला नसतो: सौंसरचे खडक एकेकाळी आर्कियन, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या युगातले, मानले जात, आता ते त्यानंतरच्या प्रोटेरोझोइक युगात घातले जातात, आणि त्यांच्या थरांचा क्रमही १९६० च्या दशकात पुन्हा मांडला गेला. जुना नकाशा बाजूला ठेवला गेला म्हणून तो काढणारे खोटे ठरत नाहीत.

मात्र हा नकार सर्वांपर्यंत पोहोचत नाही, आणि प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू हीच आहे. संत्र्याच्या बागेसाठी विंधन विहीर घेणारा शेतकरी पाणाड्याला बोलावतो किंवा विद्युत रोधाचे सर्वेक्षण करून घेतो. या सर्वेक्षणात जमिनीत रोवलेल्या कांड्यांतून वीजप्रवाह सोडून खालचे थर त्याला किती अडवतात हे मोजतात आणि त्याचे रंगीत चित्र तयार करतात. जेथे रोध कमी असतो तेथे बहुधा निळा रंग असतो. पाण्याने भरलेल्या भेगाळ खडकाचा रोध कमी असतो, पण ओल्या चिकणमातीचाही कमीच असतो, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असणे दख्खन ट्रॅपमध्ये नेहमीचे आहे. मोजणाऱ्याला हे ठाऊक असते; शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या कागदावर मात्र निळ्या रंगाला तुटक कडा नसते, आणि तो निळा रंग पाहून पाण्याचाच विचार करतो, जसा कोणीही करील. जी कबुली सौंसरच्या जुन्या नकाशांत रेषारेषांतून नोंदवलेली आहे, ती या कागदावरून गळालेली असते, आणि तेथे ती परत आणणे हे चित्र पाहणाऱ्याचे नव्हे, काढणाऱ्याचे काम आहे.