समान वेळ आणि न्याय



मराठीची टिपणे घेण्यासाठी एक गोंड विद्यार्थी माझ्याकडे येत असतो. त्याला सिकलसेल आहे. चेहऱ्यावरून आजार कळत नाही. पण वेदना उसळली की हाताचे सांधे ठणकतात आणि पेन धरवत नाही. परीक्षेत जास्तीचा वेळ मागण्यास मी सुचविले, तेव्हा तो म्हणाला, “मौलाना, सगळ्यांना तीन तास आणि मला चार, हा इतरांवर अन्याय नाही का?”

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शोधताना मला हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आठवले. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढावी, असे त्यांनी विचारले असता प्रेषित (स.) यांनी शिकविले की उभे राहून, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर. येथे नमाज माफ झाली नाही, केवळ तिची रीत बदलली. बसून नमाज पढणाऱ्या आजाऱ्याने शेजारच्याचा हक्क हिरावला, असे मशिदीत कोणी म्हणत नाही.

परीक्षेचेही तसेच आहे. प्रश्नपत्रिका तीच, गुण देण्याची कसोटी तीच. टंकलेखनासारख्या परीक्षेत वेग हेच कौशल्य असते, तेथील विचार वेगळा. परंतु इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ज्ञान तपासायचे असते, बोटांचे बळ नव्हे. दुखणाऱ्या हाताला तीनच तास देणे ही समानता दिसते. प्रत्यक्षात तेथे आजाराचे गुण कापले जातात.

देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. कलम १७ मध्ये जास्तीचा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जास्त मिळावीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नसून हक्क आहे.

मात्र हक्क कागदावर असून भागत नाही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जंगलव्याप्त जिल्हे येतात. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा अशा तालुक्यांत परीक्षेच्या सकाळी लेखनिक कोठून आणायचा? येथे आपली जबाबदारी सुरू होते.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत कर्जाची नोंद करण्याचे नियम आहेत. ज्याला स्वतः सांगून लिहविता येत नाही, त्याचाही हक्क तेथे राखला आहे. लिहिणाऱ्याने नकार देऊ नये आणि न्यायाने लिहावे, अशीही आज्ञा आहे. लेखनिकाचे काम ही अशीच अमानत आहे: सांगितलेले गाळायचे नाही आणि आपल्या पदरचे घालायचे नाही.

२०१८ च्या सूचनांनुसार विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे लागत असे; सध्याची अट अर्ज करण्यापूर्वी तपासून घ्यावी. त्या अटीत बसणारे आपल्या मोहल्ल्यातील मूलही चालू शकेल. मदत मागणारा कोणत्या धर्माचा, हे विचारू नका.

त्या विद्यार्थ्याने आता अर्ज केला आहे. लेखनिक अजून मिळायचा आहे.

अल्लाह आपल्या लेखणीला न्यायाची साथ देवो. आमीन.