आठ सेकंदांचं दर्शन

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११



आपल्या रोजच्या वाचनात सध्या विश्वरूपदर्शनाचा अध्याय चालू आहे. तो वाचताना मला राहून राहून उत्तर नॉर्वेतली एक रात्र आठवते. ध्रुवीय प्रकाश बघायला मी आणि सौ. फेब्रुवारीत ट्रॉम्सोला गेलो होतो. शेजारच्या क्वालोया बेटावर, फ्योर्डच्या काठाशी आम्ही उभे होतो. समोर काळंभोर पाणी, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर आणि हाडं गोठवणारी थंडी.

सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने ध्रुवांकडे उतरतात आणि हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात, तेव्हा हा प्रकाश उजळतो. त्याचा फोटो काढायची माझी तयारी चोख होती. ट्रायपॉड, एफ २.८ ची वाइड लेन्स, आयएसओ १६००, आठ सेकंदांचं एक्स्पोजर, फोकस एका ठळक ताऱ्यावर हाताने लावलेला. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात.

प्रकाश आला. मी फोटो काढला, स्क्रीन बघितली, परत काढला, परत बघितली. सौ. म्हणाली, "अहो, वर बघा ना!" मी म्हणालो, "थांब गं, एक मिनिट." शेवटी मान वर केली तेव्हा मला नुसता करडा धूर दिसला. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मी दर फोटोनंतर उजळ स्क्रीन बघून तो सराव मोडत होतो.

खोलीवर परतल्यावर ती सांगत होती : डोंगरामागून हिरवा पडदा कसा उठला, त्याला खालून गुलाबी झालर कशी होती, पाण्यात तेच सगळं उलटं कसं हललं. माझ्याकडे ११२ फोटो होते, सांगायला मात्र काहीच नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तुम्ही शेजारी होतात, पण बघितलं मी एकटीनेच." ते मनाला लागलं.

आता अकराव्या अध्यायाकडे या. अर्जुनाने ते रूप पाहिलं, त्याच्या अंगावर रोमांच आले, त्याने हात जोडले. संजयाने दुरून पाहिलं आणि जसंच्या तसं सांगितलं. गीतेच्या शेवटी तोच म्हणतो की ते आठवून आठवून मला पुन्हा पुन्हा हर्ष होतो. तिसरा धृतराष्ट्र. व्यासांनी दृष्टी देऊ केली होती, ती त्याने नाकारली. पुढे संजयाकडून त्याला सगळं वर्णन मिळालं, तरी तो होता तसाच राहिला. वर्णन हाती आलं, दर्शन नाही.

त्या रात्री मी यांपैकी कोण होतो, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या रात्री मी स्क्रीन बंद ठेवली. शटर उघडं असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नसतो, नाहीतर चित्र हलतं. म्हणजे ते आठ सेकंद आपलेच की! शटर दाबलं, सौ.चा हात धरला आणि वर पाहिलं. दोघंही काही बोललो नाही. फोटो नऊच आले, त्यातला एक हललेला. पण नवांपैकी प्रत्येकाच्या वेळी आकाशात काय चाललं होतं, ते मला आजही सांगता येतं.

फोटो काढूच नये, असं मी म्हणत नाही. संजय होणं हीसुद्धा सेवाच आहे. पण संजय आधी बघतो, मग सांगतो. आपण मात्र आरतीलाही मोबाइल वर धरून उभे राहतो, आणि देव पडद्यात शोधतो.

आजचा संकल्प : आज जे काही सुंदर समोर येईल, ते आधी डोळे भरून बघायचं. आणि शेजारचं माणूस "बघा ना" म्हणालं, तर "एक मिनिट" म्हणायचं नाही.

राम कृष्ण हरी.