मोठा कोण?

लातूर आणि नांदेड ही शहरे आज शिकवणी वर्गांसाठी ओळखली जातात. सरावपरीक्षांचा 'लातूर पॅटर्न' दहावी-बारावीसाठी घडला. त्याची सावली पहिलीच्या वर्गापर्यंत लांबली आहे, असे आम्हांस वाटते. बालक अक्षरे शिकते, अंक शिकते; सोबत कोणीही न शिकविलेला धडा गिरवते : शेजारी बसलेला आपला प्रतिस्पर्धी आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी पोषण आहाराची पंगत बसते. तेथे पहिला-दुसरा नंबर नसतो. खिचडी सर्वांना एकच.

आपणांत मोठा कोण, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने एका बालकाला मध्ये उभे केले. आम्ही त्याच बालकाला शिष्यांचा प्रश्न शिकवीत आहोत काय? वर्गात पहिले येणे पाप नव्हे. परंतु शेजाऱ्याच्या ताटात वाढले गेले का, हे पाहणारी नजर गुणपत्रिकेत मोजता येत नाही, म्हणून ती शिकवायचीच नाही काय?