कच्च्या कामाचा न्याय

गेल्या वैशाखांत आम्हीं आमच्या लहानशा मोटारीच्या कांचांना उन्हाची झळ अडविणारी फिल्म लावून घेतली, आणि तें काम बिघडलें. एवढ्याशा गोष्टीवर मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन इतकेंच कीं, त्या बिघडलेल्या कामानें आमच्यापुढें जो प्रश्न उभा केला तो कांचेपुरता नव्हता. शिंप्यानें बाही तोकडी शिवली, सुतारानें कपाटाचें दार तिरकें बसविलें, गवंड्यानें न्हाणीघराचा उतार उलटा काढला, कीं प्रत्येक गृहस्थापुढें तोच प्रश्न येतो. दाम मोजून घेतलेलें काम वाईट निघालें, तर तें करणाराशीं आपण कसें वागावें?

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्या एका अंगास चिकट लेप असतो. कांच आंतून स्वच्छ धुवावयाची, तिच्यावर साबणाचें पाणी शिंपडावयाचें, पापुद्रा त्या पाण्यावर सरकवून नेमका बसवावयाचा, आणि मग रबरी पट्टीनें मधलें पाणी कडेकडे लोटून बाहेर काढावयाचें, अशी ही रीत आहे. मोटारीची मागची कांच बहुधा दोन्ही अंगांनीं वळलेली असते. सपाट पापुद्रा तिच्यावर आपोआप बसत नाहीं. गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानें त्याला हलके हलके आकसवून कांचेचा आकार द्यावा लागतो. या विद्येचें सारें मर्म दोन गोष्टींत आहे: धूळ शिरूं द्यावयाची नाहीं आणि घाई करावयाची नाहीं. आमच्या कामांत दोहोंचाही भंग झाला होता. दुकान पुण्यांतल्या एका वाहत्या रस्त्यावर; काम पत्र्याच्या छपराखालीं, तिन्ही बाजू उघड्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उन्हांत पाहिलें तों मागच्या कांचेवर धुळीचे कण आणि प्रत्येक कणाभोंवतीं बारीक बुडबुडा. खालच्या कडेला हाताच्या बोटांसारख्या उभ्या सुरकुत्या. आणि डाव्या दाराच्या कांचेवर कापलेली कड इतकी वांकडी कीं, एका टोंकास गव्हाच्या दाण्याएवढी फट राहिलेली.

घरांत लगेच दोन पक्ष पडले. चिरंजीवांचें म्हणणें, असेंच्या असें दुकानांत जावें, चार लोकांसमक्ष मालकाला खडसवावें आणि पैसे परत घ्यावे. आमच्या मातोश्रींचें म्हणणें याच्या उलट. काम करणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, बाहेरगांवाहून आलेला, भर उन्हाळ्यांत वांकून राबलेला. त्याच्या पोटावर पाय कशाला द्यावा? चार बुडबुड्यांनीं आपलें काय अडतें? दोन्ही पक्षांत कांहीं तथ्य होतें, म्हणूनच आम्ही पेंचांत पडलों.

रागाला आधीं ज्ञानाची जोड हवी, हें आम्हांस त्याच आठवड्यांत शिकावें लागलें. फिल्म लावल्यावर पहिले कांहीं दिवस तिच्याखालीं पाण्याचा अंश राहतो. त्यामुळें कांच दुधाळ दिसते, कोठें कोठें पाण्याचे लहान फुगवटेही दिसतात. ते आपोआप सुकून जातात; पावसाळ्यांत अधिक दिवस लागतात, इतकेंच. याच कारणासाठीं दारांच्या कांचा तीन-चार दिवस खालीं करूं नका असें कारागीर बजावितात. हें आम्हांस ठाऊक नव्हतें. म्हणून पहिल्या दिवशीं केलेल्या आमच्या यादींतले सातांपैकीं तीन दोष मुळीं दोषच नव्हते. आठ-दहा दिवसांत ते नाहींसे झाले. धुळीचे कण, सुरकुत्या आणि वांकडी कड मात्र उन्हानें जाणारी नव्हती. पहिल्याच दिवशीं आम्ही भांडावयास गेलों असतों, तर खऱ्या दोषांबरोबर खोटेही मालकाच्या माथीं मारले असते. आणि एक आरोप खोटा ठरला म्हणजे खऱ्या आरोपांचेंही वजन जातें. कामाला नांवें ठेवण्यापूर्वीं तें काम थोडें समजून घ्यावें, एवढा कारागिराचा आपल्यावर हक्क आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. ती म्हणजे स्वतःचा हिशेब. मालकानें सांगितलेली किंमत आम्हीं घासाघीस करून बरीच खालीं आणली होती. उद्यां सकाळीं काम धरतों असें तो म्हणत असतां, संध्याकाळीं लग्नाला जावयाचें आहे म्हणून तीन तासांत गाडी मागितली होती. वेळ आणि दाम हींही कामाचींच सामग्री आहे. आपल्या हातानें ती कमी करावयाची, आणि मग काम उणें कां पडलें म्हणून विचारावयाचें, हा न्याय कसला?

एका बाबतींत मात्र आमची पाटी स्वच्छ होती. मालकानें आधीं गडद काळी फिल्म पुढें केली होती, आणि "साहेब, कोण बघतंय?" असेंही म्हटलें होतें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमाप्रमाणें पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल २०१२ रोजीं तर कांचांवर वरून काळी फिल्म चिकटविण्यासच मनाई केली. पुढें १ एप्रिल २०२१ पासून या नियमांत बदल झाला, आणि त्याच्या आधारें, प्रकाशाची ही मर्यादा पाळणाऱ्या फिल्मबद्दल दंड करतां येणार नाहीं, असा निर्णय केरळच्या उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें दिला. आम्हीं घेतलेली फिल्म जवळजवळ पारदर्शक, या मर्यादेंत बसणारी होती. तशी ती नसती, तर बुडबुड्यांची तक्रार आम्हीं कोणत्या तोंडानें केली असती? जो स्वतः नियम चुकवून काम करवितो, त्यानें कारागिराकडून सचोटीची अपेक्षा धरणें हास्यास्पद आहे.

या विचारांत असतां आम्हांस गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. संतमंडळी एकत्र जमली असतां तेरच्या गोरोबांनीं मडकीं घडविण्याची आपली थापटी हातांत घेतली, आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोण पक्का, कोण कच्चा हें पाहिलें, अशी आख्यायिका आहे. बाकीच्यांनीं तें सोसलें. नामदेवांना सोसलें नाहीं, आणि गोरोबांनीं सांगून टाकिलें कीं, हें मडकें कच्चें आहे. ही गोष्ट आपण लहानपणापासून नामदेवांच्या मानहानीची म्हणून ऐकतों. परंतु एकदां ती गोरोबांच्या बाजूनें पाहावी. नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके; त्यांना कच्चें म्हणावयास दुसरा कोणी धजला नसता. "जाऊं द्या, भला मनुष्य आहे" असें म्हणून गोरोबा गप्प बसते, तर नामदेव रुष्ट होऊन पंढरीस परतले नसते आणि विसोबा खेचरांना शरणही गेले नसते. शिवाय कुंभाराला हेंही ठाऊक असतें कीं, कच्चें मडकें फोडावयाचें नसतें. तें आव्यांत घालावयाचें असतें. कच्चेपणा बोलून दाखविण्यांत पुढें पक्कें होण्याची आशा गृहीत धरलेली आहे.

ही गोष्ट मनांत आल्यावर घरांतले दोन्ही पक्ष आम्हांस निराळे दिसूं लागले. "गरीब आहे, चालवून घ्या" असें आपण म्हणतों, तेव्हां त्या मुलाच्या हातून याहून चांगलें काम होणारच नाहीं, असा निकाल आपण मनांतल्या मनांत देऊन टाकलेला असतो. ही दया दिसावयास मऊ आहे, परंतु तिच्या पोटांत तुच्छता आहे. चिरंजीवांचा राग त्याच निकालाला येऊन पोंचतो. फक्त मोठ्या आवाजांत.

दहाव्या दिवशीं आम्ही मुद्दाम सकाळीं, दुकानांत गर्दी नसतांना गेलों. मुलाला बाहेर उन्हांत बोलाविलें आणि एकेक दोष दाखविला. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, मला तेव्हांच दिसलं होतं. पण तुम्हांला गाडी सहाला हवी होती." त्या वाक्यानें आम्ही निरुत्तर झालों. अडाणी हाताची म्हणून जी चूक आम्ही समजत होतों, ती डोळ्यांना दिसत असून झांकलेली होती. आणि ती झांकावयास लावणारांत आम्हीही होतों. इतक्यांत मालक आला. त्यानें दोष पाहिले आणि वाद घातला नाहीं. "साहेब, नवी फिल्म लावून देतों, याच्या पगारांतून कापतों," एवढें तो सहज बोलून गेला.

खरा पेंच येथें होता. कायदा आमच्या बाजूचा होता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. असल्या कामाला त्यांत सेवेंतील उणीव म्हणतात. दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फीदेखील पडत नाहीं. कायदा चांगला आहे. परंतु तो गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यामधला आहे. दुकानाच्या आंत तो दंड कोणाच्या ताटांतून काढला जातो, हें तो पाहत नाहीं. जुन्या गांवगाड्यांत सुतार-लोहार वर्षाच्या बलुत्यावर काम करीत. नांगराचा फाळ बिघडला तर शेतकरी तोच फाळ घेऊन त्याच लोहाराकडे जाई, आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशीं पुन्हां एकमेकांचें तोंड पाहावयाचें असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें आम्हांस कारण नाहीं. तिनें माणसाला जातीशीं जखडून ठेविलें होतें, आणि नको असलेलें काम सोडण्याची मोकळीक त्याला नव्हती. परंतु ज्याच्या हातून काम बिघडलें त्याचा चेहरा तेथें समोर असे. आज आपण पैसे मालकाला देतों, तक्रार मालकाकडे करतों, आणि तिचा भार मात्र ज्याच्याशीं आपण बहुधा एक शब्दही बोललेलों नसतों त्याच्या अंगावर पडतो.

आम्हीं मालकास स्पष्ट सांगितलें. उघड्या छपराखालीं काम करविणें ही दुकानाची चूक, तीन तासांत मागणें ही आमची. मुलाची चूक एवढीच कीं, दिसलेला दोष त्यानें बोलून दाखविला नाहीं. आणि तिचें प्रायश्चित्त म्हणजे तेंच काम पुन्हां नीट करणें, पगार गमावणें नव्हे. तेव्हां फिल्मचा खर्च दुकानानें सोसावा, त्या दिवसाच्या मजुरीचा निम्मा वांटा आम्ही देऊं, गाडी दिवसभर राहील, आणि काम याच मुलानें करावें. हा वांटा देण्यास कायद्यानें आम्ही बांधलेले नव्हतों; चिरंजीवांनीं तर त्यास सरळ सरळ मूर्खपणा म्हटलें. मालकासही तें थोडें चमत्कारिक वाटलें, परंतु तो कबूल झाला.

मागच्या कांचेवर दंव सुकविण्यासाठीं तापणाऱ्या बारीक रेषा असतात. पात्यानें फिल्म खरवडली कीं त्या तुटतात. मुलानें पातें हातीं घेतलें नाहीं. वाफ देऊन, हलक्या हातानें, बराच वेळ खर्चून त्यानें जुनी फिल्म सोडविली. छपराखालची जमीन आधीं पाणी मारून ओली केली, आणि मग नवी फिल्म उघडली. संध्याकाळीं आम्ही गेलों तेव्हां आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच तो आम्हांस मागच्या कांचेच्या उजव्या कोपऱ्याकडे घेऊन गेला आणि बोट ठेवून म्हणाला, "हा एक कण राहिला. काढायला गेलो तर सगळं खराब होईल." कण मोहरीएवढाही नव्हता. आम्हीं तो पत्करला. करणारानें स्वतः दाखविलेला दोष चालवून घेणें निराळें, आणि लपविलेला दोष दयेनें गिळणें निराळें.

मालकानें पुढें त्याचे पैसे कापले कीं नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. महिन्याभरानें त्या रस्त्यानें जातांना चौकशी केली, तों मुलगा दुसरीकडे कामाला लागल्याचें समजलें. आमच्या तक्रारीमुळें कीं आपखुशीनें, हें विचारण्यास तो समोर नव्हता. आणि मालकाला विचारून खरें उत्तर मिळालें असतें असें नाहीं. मातोश्री अजून म्हणतात, बोलला नसतास तर बरें झालें असतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. तथापि त्यांचें म्हणणें आम्हीं पुरतें खोडून काढलें आहे असा दावाही आम्ही करीत नाहीं. थापटी हातीं घेणाऱ्यानें, ती जेथें बसते तेथें दुखतें हें विसरूं नये.

सकाळीं गाडी मागें घेतांना उजव्या कोपऱ्यांतला तो कण उन्हांत दिसतो. आणि तो मुलगा आज जेथें असेल तेथें, सहाला गाडी मागणाऱ्या गिऱ्हाइकास "उद्यां या" असें म्हणत असेल काय, असा विचार मनांत येतो.