दलाल कुणाचा?

आमच्या मंडळीतील एका वयोवृद्ध भगिनीने काही काळापूर्वी बेळगावातील आपले राहते घर विकले. बाई शिक्षिका होत्या. यजमान गेले, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा हैदराबादला मुलाकडे जाऊन राहायचे ठरले. घर जुने, कौलारू. पण जागा चांगली आणि कागदपत्रे स्वच्छ. गिऱ्हाईक कोण आणणार, असा प्रश्न निघाला तेव्हा एका तरुणाचे नाव आम्हीच सुचविले. तो आमच्या शब्बाथशाळेत लहानाचा मोठा झालेला, जागांच्या खरेदी-विक्रीची दलाली करणारा, बोलण्यावागण्यात सरळ.

बाईंनी त्याला चहा दिला, घर फिरून दाखविले आणि तो निघताना विश्वासाने सांगितले, "बेचाळीस लाख सांग. अगदीच जमत नसेल तर अडतीसपर्यंत येईन मी खाली. मला पावसाळ्याच्या आत निघायचंय."

चार दिवसांनी घेणारे गृहस्थ आले. घर पाहून झाल्यावर त्यांनी पहिलाच आकडा उच्चारला तो अडतीस. सदतीस नाही, साडेअडतीस नाही. व्यवहार तेवढ्यालाच झाला. विसार दिला गेला, पुढे खरेदीखतही नोंदले गेले. मागाहून कळले, की दलाली दोन्हीकडून एकेक टक्का घेतली गेली होती.

बाई तक्रार घेऊन आल्या नव्हत्या. निरोपाच्या दिवशी सहज बोलून गेल्या, "तो आकडा मी फक्त त्यालाच सांगितला होता हो."

आम्ही त्या तरुणाला बोलावून घेतले. त्याला खरोखर वाईट वाटले. तो म्हणाला, "सर, मी खोटं काय बोललो? त्यांनी विचारलं, घर कितीला सुटेल? मी खरं ते सांगितलं. बाईंना त्यांनीच ठरवलेली किंमत मिळाली, त्यांना घर मिळालं. दलाली दोघांनी राजीखुशीनं दिली. मी फसवलं कुणाला?"

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दोन्ही पक्ष राजी, कोणी खोटे बोललेले नाही, कागद चोख. मग मनाला टोचते ते काय?

दोन्हीकडून दलाली घेणे हेच वाईट, असे म्हणून मोकळे होता येईल. पण बेळगाव काय, बडोदे काय, इंदूर काय, आपल्याकडची रूढीच तशी आहे. ती सर्वांना ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीत फसवणूक कशी म्हणावी? उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहाम मकपेलाची गुहा विकत घेतो, तेव्हा तोही हेथी लोकांनाच मध्ये घालतो. एफ्रोनाकडे माझ्यासाठी शब्द टाका, असे त्यांना सांगतो. मात्र तेथे सारे बोलणे वेशीत, सगळ्यांच्या कानांदेखत होते. चारशे शेकेल हा आकडाही सर्वांसमोर उच्चारला जातो. मध्यस्थांच्या पोटात कोणाचेच गुपित नाही. असा मध्यस्थ दोघांचा असू शकतो, किंबहुना तो कोणाचाच नसतो. तो दोघांची गाठ घालून देतो आणि बाजूला उभा राहतो.

परंतु बाईंनी ज्याला चहा दिला तो असा मध्यस्थ होता काय? त्यांच्या समजुतीप्रमाणे तो त्यांचा माणूस होता. त्या समजुतीपोटीच त्यांनी शेवटचा आकडा त्याच्या कानी घातला. तो ऐकताना त्याने "बाई, हे मला सांगू नका," असे म्हटले नाही. त्याने ऐकून घेतले, मान डोलावली. आमच्या मते व्यवहारातील चूक या मान डोलावण्यात आहे. दलाली तर पुढची गोष्ट.

हिशेबही थोडा पाहावा. अडतीसऐवजी घर चाळीसला गेले असते तर बाईंच्या हाती दोन लाख अधिक पडले असते. दलालाला त्या दोन लाखांवर एका बाजूचे दोन हजार, दोन्ही बाजूंचे मिळून चार हजार. एवढ्यासाठी महिनाभर थांबण्यापेक्षा आज अडतीसला व्यवहार उरकून शहात्तर हजार पदरात पाडून घेणे त्याला सोयीचे. त्याच्या मनात काळेबेरे नसेलही. पण टक्केवारीची रचनाच अशी, की घाई त्याच्या फायद्याची आणि धीर घरमालकाच्या फायद्याचा. म्हणून तर मालकाला आपल्या बाजूचा माणूस लागतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या प्रतिनिधीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यातील २१५ व्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अवश्य वाचावे. एक मालक आपली जमीन विकण्याचे काम एकाला सोपवितो. तो माणूस जमीन पाहायला जातो, तेव्हा तिच्यात खाण असल्याचे त्याला आढळते. मालकाला याची खबर नाही. तो मालकाला म्हणतो, ही जमीन मीच घेतो. खाणीविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. कायदा सांगतो, की पुढे हे उघडकीस आले तर विक्री कायम ठेवायची की झिडकारायची हे मालकाने ठरवावे.

हे वाचताच मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील लपविलेल्या ठेवीचा दाखला कोणालाही आठवेल. आमच्या वर्गात एका चुणचुणीत मुलीने एकदा विचारलेच होते, "त्याने मालकाला ठेवीचं का नाही सांगितलं? ही लबाडी नव्हे का?" दाखला स्वर्गाच्या राज्याच्या मोलाविषयी आहे, जमिनीच्या व्यवहाराविषयी नाही, एवढे सांगून आम्ही तिची बोळवण केली. आज विचारले तर आणखी एक गोष्ट सांगू. दाखल्यातील माणूस शेतमालकाचा प्रतिनिधी म्हणून आलेला दिसत नाही. "माझे शेत विकून दे," असे मालकाने त्याला सांगितल्याचा उल्लेख नाही. त्याचे मौन योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण करार कायद्यातील माणसाच्या मौनाविषयी वादच नाही. मौन दोघांचेही सारखेच. फरक एवढाच, की एकावर कोणी विश्वास टाकला होता.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे हा गोंधळ उलट बाजूने झाला होता. घर घेऊ पाहणाऱ्याला आपल्या गाडीतून आठ-आठ दिवस घरे दाखविणारा एजंट घेणाऱ्याला आपला वाटे. कायद्याने मात्र तो सामान्यतः विकणाऱ्याचा उपप्रतिनिधी असे. घेणारा गाडीत बसून मोकळेपणाने सांगे, "आम्ही इतक्यापर्यंत जाऊ," आणि ते विकणाऱ्याच्या कानी घालणे हे त्या एजंटाचे कर्तव्य ठरे! १९८३ साली तेथील केंद्रीय व्यापार आयोगाच्या पाहणीत दिसून आले, की घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांची समजूत चुकीची होती. त्यानंतरच्या वर्षांत राज्याराज्यांनी कायदे केले, की तुम्ही कुणाचे हे एजंटाने आधीच सांगावे. फ्लोरिडा राज्याने तर एकाच एजंटाला दोन्ही पक्षांचा संपूर्ण प्रतिनिधी होण्यास मनाई केली. तेथे तो केवळ मध्यस्थ म्हणून दोघांचे काम करू शकतो. पण विकणारा किती खाली येईल आणि घेणारा किती वर जाईल, हे एकाचे दुसऱ्याला त्यांच्या लेखी संमतीशिवाय सांगायचे नाही. आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे सापडले. दोघांचे काम करणाऱ्यालाही एकाचा आकडा दुसऱ्याकडे नेता येत नाही.

आपल्याकडे २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला. त्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, खोटी माहिती देण्यास बंदी घातली. पण ती नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या बांधकाम प्रकल्पांतील विक्रीपुरती. बाईंच्या कौलारू घरासारखे जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते तेथे ती लागू नाही. अशा व्यवहारात लोक काय पाहतात? ओळख. "आपल्या मंडळीतला आहे" एवढे शब्द नोंदणीच्या दाखल्याचे काम करतात. ते शब्द त्या दिवशी आम्ही उच्चारले होते. त्याबद्दल आम्हाला दलाली मिळाली नाही, म्हणून आमची जबाबदारी कमी होते असे आम्हाला वाटत नाही. नाव सुचविताना आम्ही त्याला एकदाही विचारले नाही, की बाबा, तू या व्यवहारात बाईंचा की दोघांचा? आणि बाईंनाही सांगितले नाही, की हा दोन्हीकडून दलाली घेतो, तेव्हा शेवटचा आकडा मनातच ठेवा. इतकी वर्षे आम्ही मुलांना खरे बोलायला शिकविले. कोणाचे काय ऐकून घ्यावे आणि काय घेऊ नये, हे शिकविल्याचे स्मरत नाही.

हे सारे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "एक टक्का बाईंना परत करू का?" आम्ही म्हटले, ते तू बाईंनाच विचार. त्याने हैदराबादला फोन केला. बाईंनी पैसे घेतले नाहीत.

हल्ली तो कोणाच्या घरी गेला, की खुर्चीवर बसण्यापूर्वीच सांगतो, "मी दोन्हीकडून दलाली घेतो. सांगायची किंमत तेवढी सांगा, शेवटची सांगू नका." पहिल्या सहा महिन्यांत दोन गिऱ्हाइके त्यामुळे दुसऱ्या दलालाकडे गेली, असे त्यानेच सांगितले. बाईंना आम्ही ही हकीकत पत्राने कळविली. त्यांचे उलट टपाली उत्तर आले: "मला त्या दिवशी त्याने असे सांगितले असते, तरी चहा मी दिलाच असता."