सत्याची साक्ष आणि पीडितेचा हक्क

गर्भ राहू नये म्हणून शरीरसंबंधानंतर तातडीने घ्यावयाच्या गोळीला आपल्या घरांत सरसकट ‘गर्भपाताची गोळी’ म्हटले जाते. हा शब्द वस्तुस्थितीला धरून आहे काय? नैतिक निवाडा देण्यापूर्वी हे तपासणे आम्ही कर्तव्य मानतो. कारण जीवनाचे रक्षण करतानाही असत्याचा आधार घेण्याची मुभा आठवी आज्ञा देत नाही.

या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक असते. एकूण मात्रा अवघी दीड मिलिग्रॅम. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, ती घ्यावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अपेक्षित गर्भधारणांपैकी सुमारे ८५ टक्के टळल्या. मळमळ, डोकेदुखी, पाळी मागेपुढे होणे असे त्रास संभवतात. पण ते बहुधा तात्पुरते असतात. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे रोखते वा लांबवते. ते बाहेर पडून गेल्यावर तिचा उपयोग जवळजवळ उरत नाही. ती गर्भ रुजू देत नसावी, हा जुना उल्लेख अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये माहितीपत्रकातून काढून टाकला. गर्भपातासाठी दिले जाणारे मिफेप्रिस्टोन हे निराळेच औषध होय.

मग ख्रिस्तसभेचा आक्षेप संपला काय? नाही. शरीराला निर्धोक ते सारेच आत्म्याला हितकर, असे नव्हे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात दांपत्यप्रेम आणि नवजीवनाचे स्वागत यांचे अतूट नाते सांगितले. ती शिकवण आजही कायम आहे.

परंतु बलात्कारात प्रेम कुठले आणि आत्मदान कुठले? तेथे केवळ आक्रमण असते, आणि आक्रमणाच्या परिणामांपासून स्वतःला वाचवण्याचा त्या स्त्रीला हक्क आहे. जर्मनीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. कोलोन शहरातील दोन कॅथोलिक रुग्णालयांनी एका पीडितेला तपासण्यास नकार दिल्याचे जानेवारी २०१३ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर फेब्रुवारीत जर्मन बिशपांच्या परिषदेने स्पष्ट केले की, गर्भपात न घडवता केवळ गर्भधारणा रोखणारी गोळी अशा स्त्रीला कॅथोलिक रुग्णालयात देता येईल.

उद्या आपल्याच एखाद्या लेकीवर असा प्रसंग ओढवला, तर एका चुकीच्या शब्दापायी तिचे मोलाचे तास वाया जाऊ नयेत. तिला आधी जवळ घ्यावे, विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. आणि तरीही गर्भ राहिलाच, तर त्या निष्पाप जीवालाही आपल्या घरात जागा असावी. सत्य आणि दया यांपैकी एकाचीच निवड करण्याची पाळी ख्रिस्ताने आपल्यावर आणलेली नाही.